आपोआप येणारी मंडळी

गुरुवार, ३ जुलै २००३, सकाळी ७.३०

१९५७ साली बोर्डिंगमध्ये आम्हा दोघींना मिळून एक बादली गरम पाणी मिळायचं. साडेपाचला सिस्टर घंटा वाजवायच्या. क्रांती घंटेच्या आधी उठून रांगेत उभी राहायची आणि बादली भरून आणायची. मी घंटेनंतर अर्ध्या तासाने उठायचे. तोवर ती बादलीवर ताट झाकून शेजारी उकिडवी बसायची आणि पाढे म्हणायची. पाणी कधी कोमट झालेलं मला आठवत नाही. ती म्हणते, रोज व्हायचं.

रोजनिशीच्या पहिल्या पानावर माणसांची नीट ओळख द्यावी, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. तेव्हा: क्रांती चौगले. मुरगूडची. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जन्मली म्हणून हे नाव. माझी एकच मैत्रीण. यजमान गेल्यापासून टोरांटोला लेकीकडे असते. मल्लेश, माझा मुलगा, बंगळूर. हा कॉम्प्युटर त्याने पाठवला. केरबा मोरे, आमच्या मजल्यावर समोरचं दार. फ्लॅट विकून मलकापूरला शेतावर राहायला जाणार आहेत. "तुमच्या मैतरणीसाठी दसऱ्यापातूर थांबतो, वैनी," असं त्यांनी कबूल केलंय. मी, चन्नम्मा. एकसष्ट पूर्ण. तब्येत उत्तम. एकटीचं काही अडत नाही.

क्रांतीने समोरचा फ्लॅट घ्यावा की न घ्यावा हे तिचं तिने ठरवायचं आहे. मी मध्ये पडणार नाही. आग्रह जेवणाचा करावा, घराचा करू नये.

तिला लेकीकडचा कॉम्प्युटर बुधवारी रात्री दहाला मोकळा मिळतो. साडेदहाला जावई दिवे घालवतात. तेव्हा आपल्याकडे गुरुवार सकाळचे साडेसात ते आठ. आठवड्याला अर्धा तास. भरपूर आहे.

७.३४. उघडला. वही मिटते.

त्याच दिवशी, ८.१५

भेट झाली. तिने "चन्ने, हायस का?" असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मी वर उजवीकडे तारीख आणि पत्ता घालून "प्रिय क्रांती" असं सुरू केलं. ती म्हणाली, पत्ता कशाला घालतेस, तू कुठं राहतेस ते मला माहीत आहे. कॉन्व्हेंटचा हिच्यावर काही परिणाम झाला नाही.

सगळं आपोआप उघडतं ही अमरसिंहांची कृपा. शिवाजी पेठेत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पूर्वी फुटबॉलमध्ये गोलकीपर होते, आता पन्नाशीला आले. त्यांनी मला 'स्टार्टअप' नावाचं फोल्डर दाखवलं. त्यात जे ठेवावं ते बटण दाबल्याबरोबर न सांगता उघडतं. मला क्षणभर भरून आलं. लग्न झाल्यापासून या घरात न सांगता एकही गोष्ट झालेली नाही.

त्यात दोन गोष्टी ठेवल्या. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा डबा, आणि क्रांती जिथे भेटते तो मेसेंजर.

संकल्प: पुढच्या आठवड्यापासून ही रोजनिशी कॉम्प्युटरवर. वही तात्पुरती.

शनिवार, ५ जुलै

अण्णाप्पा, माझे दीर, गुळाच्या अडतीवरून परस्पर आले. पंचांगाची सीडी भेट दिली. उघडलं की शंख वाजतो आणि तिथी दिसते. मी ती स्टार्टअपमध्ये ठेवली.

कारण साधं आहे. दिलेली वस्तू माळ्यावर टाकायची आमच्याकडे पद्धत नाही. माझ्या लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, आणि तो माणूस जेवायला आला की त्याला त्याच्याच वाटीत आमटी वाढायची हे मी अडतीस वर्षं पाळलंय. कॉम्प्युटरला वेगळा नियम का? चिन्हाखालचं नाव बदलता येतं, हेही अमरसिंहांनी दाखवलं होतं. तिथे घातलं: 'दीर अण्णाप्पा यांजकडून'.

अण्णाप्पांनी दोनदा कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. दोन्ही वेळा शंख वाजला. चहा न घेता निघाले होते, ते घेऊन गेले.

गुरुवार, १० जुलै, ७.३०

बटण दाबलं. साडेसात म्हणजे साडेसात. दिलेल्या वेळेच्या आधी जाऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही. शिवाय सव्वासातपर्यंत नळाला पाणी असतं.

७.३९. उघडला. नऊ मिनिटं. मधल्या वेळात वहीत लिहिता येतं, हा एक फायदा.

दुपारी: सकाळी क्रांतीशी वीस मिनिटं बोलले. लेकीच्या घरात आपण पाहुण्यासारखं राहतो आणि पाहुण्यासारखंच वागवलं जातं, असं म्हणाली. मी म्हटलं, प्रत्येक घराची रीत असते. ती म्हणाली, समोरच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का? मी म्हटलं, येतं. यात आग्रह नाही. ऊन येतंच.

सोमवार, १४ जुलै

खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाई आल्या होत्या. त्यांच्या जावयाने त्यांना माशांचं टाकं असलेली सीडी दिली होती. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून त्यांनी मला दिली. पडदाभर निळं पाणी आणि मासे. शाकाहारी घरात मासे. पण ते पाण्यात आहेत, ताटात नाहीत. 'सौ. झुंबरबाई यांजकडून'.

नातीनेही, शांभवीने, बंगळूरहून पोपट पाठवलाय. पडद्यावर इकडून तिकडे चालतो आणि "हॅलो अज्जी" म्हणतो. 'चि. शांभवीकडून'.

आता एवढी मंडळी झाल्यावर पंगतीचा क्रम लावावा लागला. नावापुढे आकडे घातले. सर्वांत आधी टेलिफोनचा डबा. दार आधी उघडायचं. मग दीर, मग शेजारी, मग नात. क्रांतीचा मेसेंजर शेवटी. पाहुण्यांना आधी वाढतात, घरचं माणूस मागून बसतं. क्रांती घरची आहे.

गुरुवार, १७ जुलै, ७.३०

शंख. मासे. पोपट. सर्व शिस्तीत.

७.४८. मेसेंजर. क्रांती होती.

आज तिने सरळ विचारलं. तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवते: "चन्ने, फिरवून बोलू नगंस. मी यावं असं तुला वाटतंय का न्हाय?"

हा प्रश्न सर्व बाजूंनी विचार करण्यासारखा आहे. मी तसं लिहायला घेतलं. "हा प्रश्न सर्व" इथपर्यंत आले तेव्हा पोपट अक्षरांवर येऊन उभा राहिला. त्याला हात धरून बाजूला करता येतं, पण ढकलावंसं वाटलं नाही. आठ वाजले.

संकल्प: असल्या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नये. सावकाश, शुद्ध भाषेत, आधी लिहून तयार ठेवावं.

रविवार, २० जुलै

उत्तर लिहायला घेतलं. फाइलचं नाव 'उत्तर'. ती स्टार्टअपमध्ये ठेवली, म्हणजे गुरुवारी शोधायला नको, समोर आपोआप हजर. आता त्यासाठी आणखी एक मोठा प्रोग्राम उघडावा लागतो. उघडू दे. महत्त्वाचं आहे.

मुद्दे: १) पाणी दिवसातून एकदा, पण जोरात. २) लिफ्ट आहे, चालते असं म्हणता येईल. ३) देऊळ चालत दहा मिनिटं. ४) डास.

गुरुवार, २४ जुलै, ७.३०

७.५७. क्रांती होती. तिने एकच शब्द लिहिला: "उत्तर?"

मी 'उत्तर' पुढे आणलं. त्यावर मासे आले. मासे खाली बसवले. (आपणहून आलेल्याला मी बंद करत नाही. आलेल्या पाहुण्याला जा म्हणायचं नसतं. एक बटण दाबलं की ते खालच्या पट्टीवर जाऊन बसतात.) तारीख घातली. ८.००. तिच्या नावापुढचा पिवळा चेहरा विझला.

जावई घड्याळाला फार धरून आहेत.

गुरुवार, ३१ जुलै, ८.०६

क्रांती नाही. पहिल्यांदाच. माणूस साठीनंतर अनियमित होतं.

सोमवार, ४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. आमच्या भजनी मंडळाने वीरशैव संतांच्या एकशे आठ वचनांची सीडी काढली. प्रत्येक सभासदाला एक. मंडळाच्या बायका गुरुवारी नाही, सोमवारी येतात, पण सीडी रोज लागली तर त्यांना बरं वाटेल. ठेवली. मंडळातल्या तिघींनी आपापली एकेक सीडी वेगळी दिली, त्याही ठेवल्या. मल्लेशने व्हायरस पकडणारा प्रोग्रामही धाडलाय. तो आता प्रत्येक पाहुण्याची दारात झडती घेतो. अण्णाप्पांच्या पंचांगाची त्याने चार मिनिटं झडती घेतली. अण्णाप्पांना सांगणार नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट, ८.०१

अजून वचनं चालू आहेत. सकाळचं वातावरण फार प्रसन्न.

८.१३. मेसेंजर. क्रांती नाही. खालच्या पट्टीवर अकरा जण दाटीवाटीने बसलेत. त्यातलं एक कुणीतरी सारखं केशरी लुकलुकतं. इतकी मंडळी एकत्र आली की कुणीतरी चुळबुळ करणारच. मल्लेशने बजावलंय, काही लुकलुकलं तर हात लावायचा नाही, व्हायरस असतो. मी आज्ञा पाळते.

साडेआठला बंद केला.

तिला फोन करायचा विचार आला. केला नाही. आपण फोन केला म्हणजे घाई दिसते. तिलाच गरज असेल तर ती करेल. फोन काही आला नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट, ८.१६

नाही. तिचा वाढदिवस आठवड्यापूर्वीच झाला हे आज लक्षात आलं. म्हणजे गेल्या गुरुवारी. ती त्या दिवशी तरी यायला हवी होती.

मी वाट पाहत नव्हते. खुर्ची कॉम्प्युटरसमोर आहे, एवढंच.

मंगळवार, १९ ऑगस्ट

अमरसिंह दुसऱ्या कुणाचा प्रिंटर द्यायला आमच्या इमारतीत आले होते, म्हणून वर आले. मी त्यांना कौतुकाने बटण दाबून दाखवलं. ते उभे होते, मग बसले, मग त्यांनी पेपर वाचला. मग म्हणाले, काकू, अकरा खेळाडू एकदम चेंडूवर धावले तर गोल कुणी करायचा? यातली नऊ काढा. मेसेंजर राहू दे. चार मिनिटांत मशीन उभं राहील.

मी विचारलं, कोणती नऊ? दिराची? शेजारणीची? नातीची? ते नावं वाचत गेले. 'दीर अण्णाप्पा यांजकडून.' 'भजनी मंडळ यांजकडून, सप्रेम.' मग म्हणाले, निदान वेळ होतोय तर सातला तरी लावा.

हे मान्य केलं. संकल्प: गुरुवारी नळाचं काम बाजूला ठेवून सातला लावणे.

गुरुवार, २१ ऑगस्ट, ७.१५

पंधरा मिनिटं आधी लावला. सातला अंघोळीचं पाणी भरत होते.

८.०९. नाही. हिशेबाने आधी उघडायला हवा होता, पण रविवारी भाची सुष्मिता आली होती. तिने डिक्शनरी दिली. रोज एक नवीन इंग्रजी शब्द अर्थासह दाखवते, उच्चारासह. तिला दोनदा सांगितलं, मला इंग्रजी येतं. तरी ठेवली. आजचा शब्द 'punctual' होता. अर्थ मला माहीत होता.

गुरुवार, ४ सप्टेंबर, ७.२०

गणपती घरोघर आहेत. बायडाबाई भांडी घासायला आली ती हात पुसत दाराशी उभी राहिली. बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली:

"बाई, ह्यो तुमचा डबा म्हंजी आमचा बंब हाय बघा. तापायला तेवढाच वेळ. पर बंबातनं शेवटी पाणी तरी येतंय."

मी तिला समजावलं की हा कॉम्प्युटर अकरा-बारा कामं एकाच वेळी करतो. ती म्हणाली, मी बी करती, पर मला लुकलुकायला वेळ नसतो. मी तिला लुकलुकणाऱ्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलं.

८.१७. नाही.

वहीची पंच्याण्णव पानं झाली. कॉम्प्युटर आल्यापासून माझं लिखाण फार वाढलं. मल्लेशला कळवायला हवं.

सोमवार, १५ सप्टेंबर

केरबा मोरे दारातच बोलले. बँकेत नोकरी करणारं एक जोडपं रोज खेपा घालतंय. "वैनी, मी शबुद दिलाय तो दिलाय. पर दसरा बारा कोसावर न्हाय ऱ्हायला. बाई येणार का न्हाई, एवढं एकदा तोंडानं इचारा की."

मी म्हटलं, ती विचार करतेय. माझ्यामुळे तिच्यावर दडपण यायला नको.

"मग तुमी इचारलंयसाच न्हाय?"

उत्तर तयार आहे, असं मी सांगितलं. खरंच आहे. चौथं पान सुरू आहे. डासांचा मुद्दा काढून तिथे उन्हाचा घातला, लिफ्टविषयी दोन वाक्यं मवाळ केली.

केरबांच्या मिसेसनी स्वयंपाकघराचे ओटे धुऊन काढलेत. मी सहज बघायला गेले होते. ऊन साडेआठला बरोबर ओट्यावर येतं. दोन माणसांच्या भाकरीला पुरे आहे तो ओटा.

गुरुवार, २५ सप्टेंबर, ७.२०

मल्लेशचं पत्र आलं. पत्र. लिहितो, अम्मा, सकाळी कधीही फोन करावा तर तुझी लाइन एंगेज असते, कुणाशी बोलतेस इतकं? मला हसू आलं. लोकांना वाटतं म्हाताऱ्या बायका रिकाम्या बसलेल्या असतात.

८.२१. नाही. लुकलुकणारं आहे. आज जरा जास्तच जोरात वाटलं.

नऊ गुरुवार झाले. क्रांतीला यायचं नसेल तर तिने तसं स्पष्ट सांगावं. आतापर्यंत स्पष्ट बोलणं हीच तर तिची खोड होती.

गुरुवार, २ ऑक्टोबर, ८.२५

आज सुटी, म्हणून अमरसिंहांचं दुकान बंद. मीच त्यांना बोलावलं. गेले दोन दिवस शंख अर्धाच वाजून थांबत होता आणि उद्या अण्णाप्पा येणार होते.

ते खुर्चीवर बसले. मी शेजारी स्टुलावर. मंडळी एकेक आली. त्यांनी खालच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"काकू, हे लुकलुकतंय ते काय?"

मी सांगितलं, व्हायरस. ते म्हणाले, हे मेसेंजरचं आहे. आणि दाबलं.

उतरवून ठेवते:

"चन्ने, हायस का? धा गुरवार झालं. तुझ्या साडेसातपासनं बसती, आठला उठती. फोन लावती तर लाइन एंगेज. आजबी एंगेज. तुझ्या मनात न्हाय हे समजलं मला, राग न्हाय. हितं लेकीच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांच्या बिल्डिंगीत खोली मिळतीया. शुक्रवारी दुपारी सही हाय. त्याच्या आत काय बोललीस तर बोल."

मी विचारलं, याच्या आधीचे कुठे आहेत? अमरसिंह म्हणाले, न वाचता मशीन बंद केलं की ते जातात. फोन का लागत नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. मशीन लावल्याबरोबर लाइन त्यालाच जाते. फोन बाहेरच्यांना बंद.

ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथे बघण्यासारखं काही नाही.

त्याच दिवशी, १०.४०

लगेच फोन करणार होते. पण तिकडे मध्यरात्र उलटून गेली. लेकीचं घर. झोपलेल्या घरात फोन वाजवणं योग्य नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काय बोलायचं ते कागदावर काढतेय. सही दुपारी आहे; त्यांची दुपार म्हणजे आपली रात्र. म्हणजे आज दिवसभर वेळ आहे. पण तिकडे दिवसभर रात्रच. संध्याकाळी सहाला केरबांनी दार वाजवलं आणि विचारलं. मी सांगितलं, उद्या नक्की. उद्या साडेसात ही आमची नेहमीची वेळ होईल, गुरुवार नसला तरी.

तीन मसुदे झाले. तिसरा बरा आहे.

शनिवार, ४ ऑक्टोबर, सकाळी ८.००

बरोबर साडेसातला फोन लावला. कॉम्प्युटर बंद ठेवला. पहिल्या घंटीला क्रांतीनेच उचलला.

सही दुपारी झाली होती. एक वर्षाची. तिथलं पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सोडता येत नाही.

मी म्हटलं, अभिनंदन. मग मी तिला सगळं सांगितलं: शंख, मासे, वचनं, झडती, पंगत. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, मला शेवटी का बसवलंस? मी म्हटलं, तू घरची.

मग उत्तराचं सांगितलं. चार पानं आहेत, शुद्ध भाषेत आहेत, पाठवते.

"चार पानात 'ये' असं कुठं लिवलंयस?"

मी फाइल उघडायला उठणार होते, पण उठले नाही. मला सगळी तोंडपाठ आहे. पाणी आहे, लिफ्ट आहे, देऊळ आहे, ऊन आहे.

मी म्हटलं, आग्रह नको वाटला.

"पोळी नगं म्हटलं तरी पानात दोन टाकतीस. माझ्या लेकीच्या लग्नात जावयाच्या मामाला उठू दिलं नव्हतंस पाटावरनं. आणि हितं तुला आग्रह नगं वाटला."

मी तिसरा मसुदा पालथा घातला. ती म्हणाली, तुझे आठ वाजले, जावई दिवे घालवतोय बघ. थंडी पडायला लागली आहे, असंही म्हणाली. मग ठेवला.

रविवार, ५ ऑक्टोबर, दसरा

केरबा मोरे सकाळीच सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवून म्हणाले, "वैनी, वाट बघितली. आता सोनं घ्या." बँकेच्या जोडप्याला त्यांनी काल रात्रीच होकार कळवला होता. मी त्यांना तिळाची चटणी आणि भाकरी बांधून दिली, मलकापूरच्या वाटेत खायला. नको म्हणत होते. दोनदा नको म्हणाले. दिलीच.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अमरसिंहांना बोलावून फोल्डर रिकामं करून घेतलं. एकेक नाव वाचून काढलं. बटण दाबलं. सव्वा मिनिटात उघडला. निळा पडदा, स्वच्छ. कुणी आलं नाही. तो किती लवकर उघडतो हे बघायला मी चारदा लावला. चारही वेळा सव्वा मिनिट.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

विचारपूर्वक ठरवलं आहे, घाईने नाही. कॉम्प्युटरमुळे माझं वाचन कमी झालं होतं. म्हणून खालीलप्रमाणे वाटप. अमरसिंह शनिवारी टेम्पो घेऊन येतील. मी तेव्हा देवळात असेन. बायडाबाईने दार उघडावं आणि ही वही त्यांच्या हातात द्यावी.

कॉम्प्युटर, पडदा, कीबोर्ड: भजनी मंडळाला. त्यांना हिशेब आणि आमंत्रणं लिहायला उपयोगी पडेल. स्टार्टअपमध्ये काही ठेवू नये, हे अध्यक्षांना कागदावर लिहून द्यावं. तोंडी सांगू नये, त्या ऐकत नाहीत.

पंचांग: अण्णाप्पांना परत. त्यांच्या अडतीवर आता कॉम्प्युटर आलाय. शंख पूर्ण वाजतो हे आधी तपासून घ्यावं.

मासे: झुंबरबाईंना. कॉम्प्युटर नसला तरी सीडी कपाटात राहू दे. जावयाने दिलेली आहे.

डिक्शनरी: बायडाबाईच्या मुलीला, दहावीला बसतेय. सुष्मिताला कळू देऊ नये.

पोपट: माझ्याकडे. तो कुठे चालवायचा ते नंतर बघू.

टेबल: समोर नवीन राहायला येणाऱ्या बँकेच्या मंडळींना, हवं असेल तर. नको म्हणाले तर आग्रह करावा. दोनदा करावा. त्यांची पहिल्या दिवशीची जेवणं इथेच, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. ते हो म्हणालेले नाहीत, पण पीठ मळायचं आहे.

'उत्तर' नावाची फाइल: काढून टाकावी. प्रिंट काढू नये.

टेलिफोनची वायर: पुन्हा भिंतीत. कॉम्प्युटरला जोडलेली शाखा कापून टाकावी.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या साडीत गुंडाळलेली, दारावर लावायची एक पितळी पाटी आहे. 'श्रीमती क्रांती चौगले'. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून जुलैच्या पहिल्या आठवड्यात करून घेतली होती. आग्रह म्हणून नव्हे. तो त्या दिवशी रिकामा बसला होता. ही कुणाला द्यायची नाही. मोडीत घालायची नाही. तिथेच राहू दे. बायडाबाईने महिन्यातून एकदा चिंच लावून घासावी, पितळ काळं पडतं.